पंच क्रमांक दोन

‘चोरीस गेलेला ऐवज : एक स्वप्न, वापरलेले, रंग निळसर, किंमत सांगता येत नाही.’

हे वाक्य टाईप करताना मी इतक्या जोरात हसले होते, की खालून घरमालकीण मावशींनी हाक मारून विचारलं, "काय गं, काय झालं?" झालं काहीच नव्हतं. त्यांच्या यजमानांनी सन २०९७ मधल्या एका गुन्ह्याचा पंचनामा केला होता आणि तो मी लॅपटॉपवर उतरवत होते. गुन्हा असा, की लोणावळ्यातल्या एका बंगल्यात झोपलेल्या गृहस्थाच्या डोक्यातून कुणीतरी यंत्र लावून स्वप्न पळवलं. ही कल्पना दुसऱ्या कुणाला सुचली असती तर त्याने चांदणं, धुकं, हुरहूर असं काहीबाही घातलं असतं. आमच्या घरमालकांनी लिहिलं होतं : ‘सदर इसम पाठीवर झोपलेला असून त्याचे तोंड अंदाजे एक इंच उघडे आहे. उशी जागेवर आहे. झटापटीच्या खुणा नाहीत.’

घरमालक म्हणजे निवृत्त पोलीस हवालदार. मूळचे औंढ्याचे, नोकरी सगळी मावळात, निवृत्तीनंतर लोणावळ्यात घर बांधून राहिलेले. गल्ली त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून मीही भाऊच म्हणायचे. मी तिथल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. भाऊ बोलायचे औंढ्याची भाषा आणि लिहायचे पोलीस ठाण्याची. एकाच माणसाच्या तोंडात आणि हातात इतका फरक मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. "मॅडम, च्या घेता का?" असं विचारणारा माणूस वहीत मात्र ‘सदर चहा तांबूस वर्णाचा असून वाफ येत असल्याचे दिसून आले’ असं लिहायचा.

घरातल्या कुठल्याही प्रसंगाचा पंचनामा व्हायचा. दूध उतू गेलं, पंचनामा. झाडावरचा पेरू रात्रीतून नाहीसा झाला, पंचनामा. एकदा मावशींचा चष्मा हरवला तेव्हा भाऊंनी घटनास्थळाची चतुःसीमा मोजली : पूर्वेस देवघर, पश्चिमेस मोरी, दक्षिणेस पाच पावलांवर फ्रिज, उत्तरेस घराची मालकीण. चष्मा मालकिणीच्या डोक्यावर होता. तेही त्यांनी लिहून घेतलं आणि खाली मावशींची सही घेतली.

पण त्यांचा खरा जीव होता तो पुढच्या काळातल्या गुन्ह्यांत. मी एकदा विचारलं, "भाऊ, इतकी वर्षं चोऱ्यामाऱ्या बघितल्यात, त्याच्याच आठवणी लिहा की. हे दोन हजार सत्त्याण्णव कशाला?"

"मागचे गुन्हे फायलीत हायत मॅडम," ते म्हणाले. "पुढं व्हणारे कोण लिवनार? चोर लय पुढं चाललाय आन् आमी पोलीस त्याच्या मागनं धावतुया. आधीच पंचनामा करून ठिवला, तर पुढच्या पोराला निस्ती तारीख टाकायची बाकी राहील."

या सोयीपायी त्यांनी कितीतरी गुन्हे आगाऊ नोंदवून ठेवले होते. दर वर्षी त्यातला एखादा दिवाळी अंकाला जायचा आणि परत यायचा. एका संपादकांनी सोबत चिठ्ठी पाठवली होती, ‘कृपया कथा पाठवावी, पंचनामा नको.’ भाऊंनी त्या चिठ्ठीवर ‘मुद्देमाल’ असं लिहून ती चिक्कीच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. सगळं लिखाण त्याच डब्यात असे. लोणावळ्याच्या ओलीत कागद पापडासारखे वाकडे होतात, म्हणून जून ते सप्टेंबर दर रविवारी भाऊ ओट्यावर घोंगडी अंथरून आपल्या कथांना इस्त्री करायचे. येणारेजाणारे विचारायचे, "काय भाऊ, आज कुठला गुन्हा सरळ केला?" ते शांतपणे वर्ष सांगायचे.

नियम एकच आणि पक्का. न बघितलेलं लिहायचं नाही. नोकरीत असताना कुठल्यातरी वाडीत शेळी चोरीला गेली. साहेब म्हणाले, इथेच टेबलावर बसून पंचनामा लिहून टाका, शेळीच तर आहे. भाऊ भर पावसात डोंगर चढून गेले आणि खुंट्याला उरलेली दोरी मोजून संध्याकाळी भिजून परत आले. साहेब चिडले, बदली झाली, पण दोरीची लांबी बरोबर नोंदली गेली याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मला इतक्या वर्षांनीही दिसायचं. मी खवचटपणे विचारलं, "मग दोन हजार सत्त्याण्णव साल कुठे बघितलंत?"

"डोळं मिटून बघितलंय," ते म्हणाले. "पर टेबलावर बसून न्हाई हां. ओट्यावर बसून."

माझं त्यांच्याशी भांडण व्हायचं ते सहीवरून. प्रत्येक कथेच्या शेवटी दोन ओळी असत. पंच क्रमांक एक, पंच क्रमांक दोन. एकवर मावशी सही करायच्या, न वाचता. "लग्नाला व्हय म्हणले तवा तरी कुटं वाचलं व्हतं?" असं त्यांचं म्हणणं. दोनच्या ओळीवर भाऊ माझ्यापुढे पेन धरायचे आणि मी हात मागे घ्यायचे.

"गोष्टीला पंच कशाला, भाऊ?"

"पंचाबिगर निस्ती गोष्टच राहती."

"मग ती गोष्टच आहे ना! आणि मी काहीही बघितलेलं नाही. न बघितलेल्या गोष्टीखाली मी सही करत नाही. तुमचाच नियम."

यावर ते इतके खूश व्हायचे की विचारू नका. "बराबर," म्हणायचे आणि ती ओळ कोरी ठेवायचे. डब्यातल्या एकूण एक कथेत ती ओळ कोरी होती.

आता नवं तंत्र माणसाची कशी गंमत करतं, ते मी भाऊंबरोबरच पाहिलं. आमच्या मागच्या रस्त्यावर मुंबईच्या एका शेठचा बंगला. त्यांनी दाराला आवाज ओळखून उघडणारं कुलूप बसवलं. पावसाळ्यात एका शनिवारी शेठ आले, आल्या आल्या इथल्या हवेने घसा बसला आणि कुलपाने त्यांना ओळखच दाखवली नाही. शेठ दारात उभे राहून कुलपाला विनवतायत, मग दरडावतायत, आणि आतला फ्रिज थंडगार चाललेला. राखणदाराने भाऊंना बोलावलं. भाऊंनी आधी शेठना त्यांचं ओळखपत्र मागितलं, मग मावशींकडून मिठाचं कोमट पाणी मागवलं. शेठनी अंगणात उभं राहून गुळण्या केल्या, वर आल्याचा काढा घेतला. तासाभराने कुलूप उघडलं आणि जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. परत येताना भाऊ म्हणाले, "आदी कुलूप चोराला आत घेत न्हवतं मॅडम. आता मालकाला घेईना. प्रगती हाय."

एक कथा मात्र अडकून पडली होती. ती त्यांनी फार पूर्वी, नोकरीत असताना, अख्ख्या गल्लीत एकाच घरी फोन असायचा तेव्हा लिहायला घेतलेली. सन २०७१. चोर घरात येतच नाही, फोनमधून बोलून माणसाला त्याच्याच घरात कैद करतो आणि माणूस आपल्या हाताने सगळं काढून देतो. नुसती कल्पना कळवली, तर एका संपादकांनी तेव्हा ‘अशक्य कोटीतील’ असा शेरा मारला होता. आणि मग एक दिवस वर्तमानपत्रांत ‘डिजिटल अरेस्ट’च्या बातम्या यायला लागल्या. खोटे पोलीस व्हिडिओ कॉल करतात, तुम्हाला अटक झाली म्हणून सांगतात, तासन् तास फोनसमोर बसवून ठेवतात आणि बँकेतले पैसे काढून घेतात. भाऊ वर्तमानपत्र घेऊन जिना चढून वर आले. चेहरा उतरलेला.

"माझा गुन्हा चोरीला गेला मॅडम. मी एकाहत्तर साल धरलं व्हतं. लय उशीर धरला."

कथा अडली होती ती घटनास्थळापाशी. "चोर तिकडं, माणूस हिकडं, पैसे तिसरीकडंच. पंचांना उभं कुटं करायचं?" हा प्रश्न त्यांना जेवताना पडायचा, आंघोळ करताना पडायचा. माझ्याकडे टाईप करायला दिलेल्या पानावर ‘घटनास्थळ :’ एवढंच होतं आणि पुढे मोकळी जागा. मी म्हटलं, "भाऊ, या कथेत दम नाही. फोन बंद केला की संपलं. असं कोण फसतं?" मी कॉम्प्युटर शिकवते, असं वर ऐकवलंही. त्यावेळी मी जरा शहाणीच होते.

दोन महिन्यांनी एका गुरुवारी सकाळी साडेनऊला मला फोन आला. माझ्या नावाचं एक पार्सल पकडलंय, त्यात नशेचं सामान आहे. मग व्हिडिओ कॉल. समोर खाकी वर्दी, खांद्यावर तीन स्टार, मागे झेंडा. माझा आधार नंबर, वडिलांचं नाव, गावाचं नाव, सगळं त्याने धडाधड वाचून दाखवलं. माझ्या गावच्या, सुदुंबऱ्याच्या आमच्या घराचं नाव त्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर मी होते तिथेच बसले. मला सगळं माहीत होतं हो! त्याच शनिवारी कॉलेजात ‘सायबर सुरक्षा’ यावर माझंच व्याख्यान होतं, स्लाइड तयार होत्या. पण भीती वाटायला लागली की माहिती कुठे जाते, हे मला त्या दिवशी समजलं. ती कुठेही जात नाही, तिथेच असते, फक्त कुणी तिच्याकडे बघत नाही.

"दरवाज़ा अंदर से बंद कीजिए," तो म्हणाला. मी उठले आणि कडी लावली.

अडीच तास मी त्या फोनसमोर बसून होते. मावशी थालीपीठ घेऊन आल्या, दार वाजवलं. त्याने डोळ्यांनी खूण केली. मी आतूनच म्हटलं, "डोकं दुखतंय मावशी, नको." शेवटी तो म्हणाला, खात्यातली सगळी रक्कम तपासणीसाठी सरकारी खात्यात पाठवा, संध्याकाळी परत मिळेल. ती रक्कम माझी नव्हती. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेले पैसे घराच्या स्लॅबसाठी माझ्या खात्यात ठेवले होते. "आमच्यापेक्षा तुला बँकेतलं कळतं," म्हणाले होते. मी बँकेचं अ‍ॅप उघडलं. बोट एकेक आकडा भरत पुढे चाललं होतं.

तेवढ्यात दाराखालून एक कागद आत सरकला.

माझ्याच टायपिंगचं पान. इस्त्री केलेलं. ‘घटनास्थळ :’ आणि पुढच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने भाऊंचं गोल गोल अक्षर, ‘मॅडम, हितं काय लिवू?’

मी त्या पानाकडे बघितलं आणि मग दाराकडे. दार बाहेरून कुणीही बंद केलं नव्हतं. कडी मी लावली होती. फोनमधला माणूस ओरडत होता, "कहाँ जा रही हैं आप? बैठिए!" मी उठले आणि कडी काढली. आयुष्यात मला एवढं जड काही उचलावं लागलेलं नाही.

भाऊ आत आले ते बनियनवर, डोक्याला कानटोपी, काखेत पॅड. मागे मावशी, हातात अजून तेच थालीपीठ; दाराबाहेरून ‘अरेस्ट’ हा शब्द ऐकून त्यांनीच भाऊंना वर आणलं होतं. भाऊंनी फोनवर नजर टाकली, तीन स्टार बघितले आणि पुढे जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. "जय हिंद, साहेब!" पस्तीस वर्षांची सवय, हात आपोआप वर गेला. भाऊंनी सलाम केला म्हणजे हा साहेब खराच!

"आप कौन?" तो म्हणाला.

"निवृत्त हवालदार, साहेब. अटक करताय तर कागद नीट करून घिऊ. पंच आणल्यात." मावशींनी मान डोलावली. भाऊ माझ्याशेजारी मांडी घालून बसले, पेन काढलं. "साहेब, आपलं नाव?" त्याने नाव सांगितलं. "हुद्दा?" त्याने सांगितला. "बक्कल नंबर?"

क्षणभर थांबून त्याने रुबाबात एक चार आकडी नंबर सांगितला.

भाऊंनी पेन खाली ठेवलं. चेहऱ्यावर हळूहळू असं काही हसू पसरलं, की मी त्यांच्याकडेच बघत राहिले. "मॅडम," ते म्हणाले, "बक्कल नंबर आमच्यासारख्या शिपाई-हवालदाराला असतो. तीन स्टारवाल्याला कुटला आलाय बक्कल नंबर? ह्यो भाड्याची वर्दी घालून बसलाय." मग फोनकडे वळून प्रेमाने म्हणाले, "साहेब, चतुःसीमा राहिली. तुमच्या मागं भिंत हाय, तिच्या पलीकडं पूर्वेला काय हाय?"

आणि तो मागे वळून बघायला लागला! मावशी खो खो हसल्या. तो चिडून काहीतरी बोलला, भाऊंनी तेही लिहून घेतलं. "दक्षिणेस?" असं विचारेपर्यंत फोन बंद झाला होता.

मी रडले, भरपूर रडले. मग थालीपीठ खाल्लं, गार झालेलं, तरी इतकं चांगलं थालीपीठ मी पुन्हा खाल्लं नाही. आप्पांचा पैसा जागेवर होता. भाऊंनी लगेच तक्रार नोंदवायला लावली, सोबत ठाण्यात आले. पण जिना उतरता उतरता मी त्यांचा हात धरला. "भाऊ, गल्लीत कुणाला कळू देऊ नका. कॉलेजात तर नकोच. मी हेच शिकवते. पोरं मला जगू देणार नाहीत."

भाऊंनी जिना उतरून चपला घातल्या. नंतर म्हणाले, "पंचनामा तर करायलाच लागंल. घटनास्थळ घावलंय आता."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला तो माणूस माहीत होता. शेळीच्या दोरीसाठी ज्याने बदली पत्करली, तो माझ्यासाठी एक अक्षर इकडचं तिकडे करणार नव्हता. माझं नाव, वय, पत्ता, सगळं त्या डब्यात जाणार, तिथून दिवाळी अंकाला, आणि नेमका या वर्षीच कुणीतरी छापणार!

शुक्रवारी संध्याकाळी मावशींनी हस्तलिखित वर आणून दिलं. मी टाईप करायला बसले. ‘घटनास्थळ : दाराची आतली कडी. चतुःसीमा : पूर्वेस खिडकी, उत्तरेस पलंग, दक्षिणेस पुस्तकांचे कपाट, पश्चिमेस जिना व त्यावर थालीपीठ घेऊन उभे असलेले घरचे माणूस.’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढची ओळ वाचली आणि मी थांबले. ‘फसगत झालेली व्यक्ती : निवृत्त पोलीस हवालदार, राहणार लोणावळा. सदर इसमाने स्वतःच आतून कडी लावून घेतली.’

मी धावत खाली गेले. भाऊ इस्त्री करत होते.

"भाऊ, हे खोटं आहे."

"कुटं खोटं हाय?"

"कडी मी लावली होती."

"आन् सलाम कुणी ठोकला?" त्यांनी इस्त्री उभी ठेवली. "त्यानं मलाबी फसीवलंच की. निम्मं तुमचं, निम्मं माझं. मी समदं माझ्या नावावर घेतलं, एवढंच. तुमचं शिकवायचं वय हाय, पोरी. माझं हसं झालं तर काय बिगाडतंय?"

पोरी. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला मॅडम सोडून काही म्हटलं होतं. न बघितलेलं न लिहिणाऱ्या माणसाने माझ्यासाठी बघितलेलं बदललं होतं. मी त्यांच्या खिशातलं पेन घेतलं आणि पंच क्रमांक दोनच्या ओळीवर सही केली. जे मी बघितलं होतं, तेच चुकीचं लिहिलेलं माहीत असून केली. माझ्या हातून घडलेला हा एकमेव गुन्हा, आणि तो करताना मला विलक्षण आनंद झाला होता.

शनिवारच्या व्याख्यानाला मी स्लाइड बाजूला ठेवल्या आणि भाऊंना नेलं. सफारी घालून, डोळ्यांवर चष्मा चढवून त्यांनी हॉलमध्ये आपला पंचनामा वाचला. सलामापाशी पोरं बाकं बडवायला लागली. पूर्वेस काय आहे म्हटल्यावर तो मागे वळून बघतो, तिथे तर शिट्ट्याच. ज्या टाळ्या कुठल्याही संपादकाने दिल्या नाहीत त्या सगळ्या एका दिवसात वसूल झाल्या. भाऊ लाजून चष्मा पुसत होते. मग मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "पण आजोबा, तुम्ही स्वतः पोलीस असून कडी लावलीत? एवढे कसे फसलात?"

सगळे हसले. भाऊही हसले, म्हणाले, "वय झालं बाळा, अक्कल कमी पडली."

मला ते ऐकवेना. त्या माणसाची अक्कल कधी कमी पडली नव्हती. मी उठून माईक घेतला. "ते नाही फसले. कडी मी लावली होती," मी म्हटलं. "तुमच्या कॉम्प्युटरच्या मॅडमनी."

मी सगळं सांगितलं, आप्पांच्या पैशांपर्यंत. कुणी हसलं नाही. शेवटी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्या आईलाही असाच फोन आला होता. तिने आम्हाला वर्षभर सांगितलं नव्हतं." मग आणखी दोन हात वर झाले.

परतताना रिक्षात भाऊ पंचनामा मांडीवर सरळ धरून बाहेर बघत बसले. घरी आल्यावर त्यांनी तो कागद काढला, लाल पेन मागवलं आणि माझ्या सहीच्या शेजारी लिहिलं, ‘पंच क्रमांक दोन फितूर.’

"सही करताना लय इमानदार दिसत व्हती," ते मावशींना म्हणाले. आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते कानटोपी पडेपर्यंत थांबलं नाही.

आता माझी नोकरी दुसरीकडे आहे. सुदुंबऱ्याच्या घरावर स्लॅब पडला, त्याच्या पूजेला भाऊ आले आणि पावलांनी गच्ची मोजून गेले. अधूनमधून त्यांचा फोन येतो. हल्ली आवाजाचीही नक्कल होते, म्हणून ते आधी खात्री करून घेतात.

"फितूर बोलतीयस का? चतुःसीमा सांग बघू."

मग मी असेन तिथून चारही बाजू बघून सांगते. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, सगळं नीट. आणि शेवटी, त्यांनी न विचारता, "कडी उघडी आहे, भाऊ."